बाजेखालचा हीटर

मित्रांनो, गच्चीवरच्या भंगारात चेपलेला पत्रा दिसतो ना, तोच मी. खोली तापवणारा एक जुना हीटर. तापट आहे, पण खोटं बोलत नाही.

कोराडीच्या वसाहतीत शालिकरामभाऊंच्या घरी मी सात हिवाळे काढले. वीज आली की माझ्या दोन कांड्या लालबुंद व्हायच्या आणि मागचा चकचकीत पत्रा ती उष्णता पुढे फेकायचा. हवा तापेपर्यंत मी वाट बघत नसे. माझे किरण उन्हासारखे सरळ जात आणि समोर येईल त्याला तापवत. समोर माणूस आहे की कापड, याचा विचार मला कधी जमला नाही.

एका डिसेंबरात त्यांची लेक मिनल बाळंतपणाला आली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायची घरची रीत होती. पण गोवऱ्यांच्या धुराने तान्ही नात खोकू लागली.

"धूर काहून करता? हीटरच ठेवा ना!" मिनलची आई प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि मला उताणं करून त्यांनी बाजेखाली सरकवलं.

निखाऱ्यावर राख चढते, तो हळूहळू निवतो. माझ्यावर राख चढत नाही. माझी आग तासानंतरही तेवढीच असते.

"आई, पाठ भाजून राहिली वं," मिनल कळवळली.

"शेक असाच राहते. मी नाई का घेतला? पडून राय."

काळी गोधडी बाजेवरून खाली लोंबत होती. काळं कापड माझी उष्णता अधाशासारखं पितं. आधी धूर आला, मग भडका उडाला. बाजेच्या पट्ट्या तटातट तुटल्या. मिनलने एका हाताने लेकीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने पेटती गोधडी भिरकावली. तिची किंकाळी मी अजून विसरलो नाही.

शालिकरामभाऊंनी धावत येऊन बटण बंद केलं, पाणी ओतलं आणि हातोड्याने माझा चेंदामेंदा केला.

"माह्या नातीले खात होता, हरामखोर!"

घाव मी सोसले. पण उताणा काय मी आपला आपण झालो होतो?

नात वाचली. सुरुची आता दोन वर्षांची आहे. मिनलचा उजवा तळवा मात्र पुरता उघडत नाही. परवा गच्चीवर तो हात हातात घेऊन प्रेमिलाबाई रडल्या. "तू सांगत होती वं, मीच आयकलं नाई."

मित्रांनो, माझ्या भावंडांना उभं ठेवा, कापडापासून तीन हात लांब ठेवा. आणि कुणी "भाजतंय" म्हणालं, तर आधी बटण बंद करा. रीत मग सांगा.