मामाची जागा

कोणी म्हणते, दुर्पता, पोरीच्या लग्नात असं बोलायची काय गरज होती. गरज होती. ज्याले वाटते नव्हती, त्यानं माझी दिवाळी काढून पाहावी, मंग मले अक्कल शिकवावी.

बिसराम माझा पाठचा भाऊ, कुडव्याले राहते. माझी चंचल लहान होती तवा तिले खांद्यावर बसवून मंडईची जत्रा फिरवायचा. म्हणायचा, "इच्या लग्नात मागे मीच उभा राहीन, दुसऱ्या कोणाले येऊ देणार नाही." आमच्यात नवरीच्या मागे मामाच उभा राहते. चंचलले ते लहानपणापासून पाठ होतं.

मंग निवडणूक आली आन् घरातल्या माणसायचं डोस्कं फिरलं. माझा नवरा लीलाधर एका पार्टीचा, बिसराम दुसऱ्या पार्टीचा. आधी जेवताना थट्टा चालायची, तेवढंच. यंदा लीलाधरच्या साहेबानं आन् बिसरामच्या नेताजीनं एकमेकायच्या सात पिढ्या उकरून काढल्या. मंग चेले कायले मागे राहातीन? आमच्या कामठ्याच्या चौकात माझ्या भावानं माइक हातात घेतला आन् म्हणला, "त्या पार्टीचा झेंडा ज्या घरावर, त्या घरचं पाणी मी पिणार नाही. बहिणीचं घर असलं तरी." नेताजीनं त्याची पाठ थोपटली. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी भाजीचा थैला घेऊन तिथंच उभी होती.

घरी येऊन लीलाधरनं झेंडा अजून उंच बांधला. माझं तोंडही पाहिलं नाही.

भाऊबीजेले मी ताट करून बसली. भाऊ आला नाही. चंचलचं लग्न जुळलं, तवा पहिली पत्रिका मामाची म्हणून मी स्वतः कुडव्याले गेली. त्यानं हात पुढं केला नाही. म्हणे, "बाई, राग नोको मानू. पार्टीत मले तोंड दाखवायचं हाय." मी म्हणली, "आन् मी पोरीले कोणतं तोंड दाखवू?" त्याची बायको नूतन दाराआड डोळे पुसून राहिली होती. त्यानं मले चहा विचारला. मी पत्रिका खाटेवर ठेवली आन् निघाली.

इकडे लीलाधर म्हणे, "त्याच्यावाचून लगन अडून राहिलं काय?" चंचल बापासमोर गप्प बसे. माझ्यासंगं भांडे घासताना मात्र विचारे, "मामा खरंच येणार नाही काय व माय?" मी काय सांगू तिले?

निकाल लागला. कोणालेच बहुमत नाही. रोज टीव्हीवर गाड्या, हॉटेलं आन् बैठका. हळदीच्या दिवशी मांडवात बायका पोरीले हळद लावून राहिल्या होत्या, आन् आत टीव्हीवर साहेब नेताजीच्या तोंडात पेढा भरवून राहिले होते. दोघायचं मिळून सरकार. म्हणे, जनतेच्या भल्यासाठी. लीलाधर पहिले तोंड वासून पाहत राहिला. मंग सोफ्यावर टेकून म्हणला, "राजकारणात असंच असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असंच असते तं मंग माझी भाऊबीज कायले नासवली रे बाबा? हे मी त्याले मोठ्यानं विचारलं. बायका हळद लावायच्या थांबल्या. तो उठून बाहेर गेला.

लग्नाच्या दिवशी साहेब आन् नेताजी एकाच गाडीतून उतरले. मागच्या सीटवरून बिसराम उतरला, नवा कुर्ता घालून. लीलाधरनं धावत जाऊन त्याले मिठी मारली. फोटो निघाले. मी तांब्या घेऊन समोर गेली. माझ्या भावानं तो घटाघट रिकामा केला.

"नेताजीचा फोन आला बाई," तो हसून म्हणला. "म्हणे, आता आपण एक झालो, जा भाचीच्या लग्नाले."

मी एवढ्या विनवण्या केल्या, तवा याचे पाय उचलले नाही. एका फोनवर उचलले.

"बिसराम," मी म्हणली, "उद्या ह्या दोघायचं फाटलं तं? तरी येशील माझ्या घरी?"

तो नुसताच हसला.

"हो म्हण. एवढंच म्हण, मी सारं विसरून जाईन."

एक शब्द होता. खोटा म्हणला असता तरी मी मानला असता. पण त्यानं मान वळवून नेताजीकडे पाहिलं.

"तर जाय तिकडेच," मी म्हणली. "माझ्या पोरीच्या मागे उभं राहायले फोनवर चालणारा माणूस नोको." साऱ्या मांडवानं ऐकलं. साहेबायनं घड्याळ पाहिलं, दोघायले गोंदियाले सत्काराले जायचं होतं. भटजीनं अंतरपाट धरायले सांगितला. "मामा कुठं हायेत? नवरीच्या मागे मामा पाहिजे."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बिसराम मले म्हणला, "ह्या दोघायले गाडीपर्यंत सोडून येतो बाई, आलोच," आन् पळत गेला. मी त्याच्यामागं पाहिलं. गाडीचा एक दरवाजा माझ्या भावानं धरला होता. दुसरा दरवाजा नवरीच्या बापानं धरला होता.

"माय," चंचल पाटावरून म्हणली, "तूच ये."

मी पदर खोचला आन् मामाच्या जागेवर जाऊन उभी राहिली. भटजी माझ्याकडे पाहत राहिला.

"म्हणा तुमी मंगलाष्टकं," मी म्हणली. "दुसरं कोणी येत नाही."