पुठ्ठेमास्तरांची दुसरी निवृत्ती

पुठ्ठेमास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी खडू धरला नव्हता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अठरा फोरमन म्हणून. नव्या माणसाला समोर बसवून शिकवायची हौस इतकी दांडगी, की कुणीतरी एकदा हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बायकोसुद्धा रागावली की “अहो मास्तर” म्हणायची. राग नसला की नुसतं “अहो”.

निवृत्त झाल्यावर हातात एकरकमी पैसा आला आणि तो कुठे ठेवावा हे सांगायला अर्धी इमारत घरी येऊन चहा पिऊन गेली. मास्तरांनी सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं. मग दीड महिना वाचनालयात बसून त्यांनी म्युच्युअल फंडांची माहितीपत्रकं वाचून काढली, शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट. आणि एवढं वाचून केलं काय, तर अगदी साधी गोष्ट. तीन वर्षांचा घरखर्च बँकेत ठेव म्हणून ठेवला आणि उरलेला सगळा पैसा दोन फंडांत घातला. एक बाजारातल्या मोठ्या कंपन्यांत सरसकट पैसे लावणारा, खर्च सगळ्यात कमी असलेला. दुसरा अर्धा शेअरांत आणि अर्धा कर्जरोख्यांत. घर चालायचं ते बँकेतल्या पैशावर. फंडाला वर्ष चांगलं गेलं तरच तिथून काढून बँकेतला खड्डा भरायचा. वाईट गेलं तर हात लावायचा नाही. हिशेबाचा कागद उघडायचा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी.

“आणि बाकीचं वर्षभर काय करणार?” बायकोनं विचारलं.

“अर्थव्यवस्था बघणार.”

“कुठे बसून?”

“बसून कशाला? चालत. बाजाराच्या मागच्या गल्लीत.”

तिला वाटलं थट्टा चाललीय. पण खरंच, रोज सकाळी साडेसहाला मास्तर त्या गल्लीतून फेरी मारायला लागले. दुकानदार आदल्या दिवशी रिकामी झालेली खोकी चपटी करून तिथे रचून ठेवत. मास्तर त्या थप्प्यांशी थांबत, एखाद्या खोक्याचा कोपरा चिमटीत धरून बघत. पुठ्ठा तीन पदरी की पाच पदरी, मधल्या कागदाच्या लाटा ताठ आहेत की दबलेल्या, एकाच खोक्यावर चिकटपट्टी किती वेळा मारलीय. दिवस बरे असले की खोकी नवीकोरी येतात. दिवस फिरले की तीच खोकी दोनदा, तीनदा वापरतात.

पहिल्याच वर्षी त्यांची फजिती झाली. एका दुकानासमोर मोठमोठ्या खोक्यांचा डोंगर बघून त्यांनी इमारतीत सांगून टाकलं, आता तेजी येणार. महिन्याभरानं कळलं की ते दुकान बंद होत होतं आणि उरलेला माल बांधून चालला होता. पोरासोरांपासून सगळ्यांनी त्यांना धारेवर धरलं. मास्तरांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून कुणी विचारलं तर म्हणत, “पुठ्ठा मला भाव सांगत नाही. धीर देतो, एवढंच.”

त्यांचं बघून फंडात उतरला तो त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. सगळे त्याला ड्रॉइंगसर म्हणत. सरांचा स्वभाव एक घाव दोन तुकडे. तीन वर्षांची ठेव वगैरे भानगडीत ते पडले नाहीत. होती नव्हती ती सगळी पुंजी नुसत्या शेअरांच्या फंडात घातली आणि घरखर्चाला दर महिन्याला तिथूनच पैसे काढायची सोय करून घेतली. मास्तरांनी दोनदा समजावलं. सर म्हणाले, “दाजी, तुम्ही पुठ्ठ्यासारखाच विचार करता. जाड.”

दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी दूरच्या कुठल्याशा देशात एका मोठ्या वित्तसंस्थेचं दिवाळं वाजलं आणि त्या धक्क्यानं सगळीकडचे बाजार घसरायला लागले. चार महिन्यांत शंभराचे अडुसष्ट झाले. बागेतल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मास्तरांच्या बायकोनं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला. “आपलं घर तीन वर्षं चालेल ना?”

“चालेल.”

“मग मी बाहेरची कुंडी रंगवायला घेते.”

सरांच्या घरी मात्र वेगळं चित्र होतं. भाव खाली गेल्यावर महिन्याचे तेवढेच पैसे उभे करायला दीडपट युनिटं विकावी लागत होती. म्हणजे पडझडीत नुसतं मोल कमी होत नव्हतं, मूळ साठाच झिजत चालला होता. बुधवारी दुपारी सरांच्या बायकोचा फोन आला. “ते सगळं विकायला गेलेत. फंडाच्या ऑफिसात. तुम्हीच बघा आता.”

मास्तर पोचले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. सर काउंटरपाशी उभे होते, फॉर्म पुढ्यात, पेन हातात.

“तीनच्या आत दिलात तर आजचा भाव मिळेल,” काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली.

मास्तरांनी ‘विकू नको’ असं म्हटलं नाही. मेहुण्याला ते चाळीस वर्षं ओळखत होते. त्यांनी विचारलं, “महिन्याला लागतात किती तुला?”

सरांनी आकडा सांगितला.

“तेवढे दुसरीकडून आले तर विकशील?”

“दुसरीकडून म्हणजे कुठून? आभाळातून?”

“नोकरी करशील?”

सर इतक्या मोठ्यानं हसले की रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. “एकसष्ट वर्षांचा आहे मी, दाजी! मला कोण ठेवणार? नवी पोरं बेकार फिरताहेत.”

“चल, विचारून बघू. फॉर्म कुठे पळून जात नाही.”

मास्तर हवेत बोलत नव्हते. तीन आठवडे गल्लीत त्यांना काहीतरी वेगळं दिसत होतं. औषधांची, बिस्किटांची, साबणाची खोकी कोरी करकरीत यायला लागली होती. काहींना तर अजून खळीचा वास होता. आणि त्यातल्या निम्म्यांच्या तळाशी त्यांच्याच जुन्या कारखान्याचा शिक्का होता. बाजार रडत होता, पण लोक साबण विकत घेत होते.

दोघं बसनं कारखान्यात गेले. आता कारभार मालकांच्या मुलीकडे होता. लहानपणी ती याच शेडमध्ये खोक्यांची घरं करून खेळायची.

“मास्तरकाका!” ती खुर्चीतून उठली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय सांगितलं?”

“गेल्या वर्षी काम नव्हतं म्हणून दुसरी पाळी बंद केली. आता ऑर्डरी आल्यात, पण गेलेली माणसं परत यायला तयार नाहीत. नवी घेतलीत, त्यांना कागदाची उलटी-सुलटी बाजू कळत नाही. नाकी नऊ आलेत नुसते.”

“मी येतो शिकवायला,” मास्तर म्हणाले. “पण हेही येतील.”

तिनं सरांकडे पाहिलं. इस्त्रीचा सदरा, खिशाला तीन पेन. “हे काय करतील?”

“रंग बघतील.”

तिनं टेबलावर छापलेले दोन पुठ्ठे ठेवले. दोन्हींवर एकच लाल पट्टा. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुठ्ठे उचलून खिडकीशी नेले आणि शाळेत वही तपासावी तसे म्हणाले, “यातल्या लालमध्ये पिवळा शिरलाय. कमी आहे, पण शिरलाय.”

छपाईवाल्याला बोलावलं. तो शपथेवर सांगायला लागला की दोन्ही एकच. मग डबे तपासले, तर दुपारी शाईचा डबा बदलला होता. मालकीणबाई हसल्या. “सोमवारपासून या.”

घरी आल्यावर बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “निरोपाचं घड्याळ देऊन घरी पाठवलेल्या माणसाला परत घेतात?” मग भावाकडे वळून म्हणाली, “आणि तू? आयुष्यात साडेपाच तासांच्या वर उभा राहिलायस कधी?”

“राहीन, ताई.”

मास्तरांना खरं तर पगाराची गरज नव्हती. पण सर एकटे चार दिवसांत पळून येतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तेही गेले. सरांनी फंडातून दरमहा पैसे काढणं थांबवलं, आणि दोघांची दुपारची पाळी सुरू झाली.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असतं तर बरं झालं असतं. पण बाजार आणखी दोन महिने पडत राहिला. अडुसष्टाचे एकोणसाठ झाले, तेव्हा सरांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. डबा खायला ते शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत, गठ्ठ्यांच्या आड. आठवडाभर मास्तरांना फक्त त्यांचा चष्मा दिसला. एका सकाळी बायको बाहेर गेल्यावर मास्तरांनी स्वतःसुद्धा कपाटातली फाइल काढली. मे महिना होता. आकडा वाचला. आपण मेहुण्याला बुडवलं की काय? पुठ्ठ्याचे पदर मोजून कुणी बाजार ओळखतो का? ती वेळेआधी परतली आणि दारातच थांबली.

“जूनमध्ये बघायचं ठरलं होतं ना?”

“हो.”

“आज किती तारीख?”

मास्तरांनी फाइल मिटली. ती जवळ येऊन बसली, रंगाचे डाग पडलेले हात मांडीवर ठेवून. “माझा भाऊ तुमच्यावर चिडलाय. चिडू दे. विकायला तर नाही ना गेला?”

मास्तर त्या दिवशी अर्धा तास आधीच कामावर गेले.

कारखान्यात मात्र मंदीचा मागमूस नव्हता. कागदाची रिळं उतरायची, त्यांच्या लाटा पडायच्या, खळ लागायची, पुठ्ठे कापून, छापून, टाचून संध्याकाळपर्यंत ट्रक भरायचे. महिनाभरात मास्तरांनी बारा नव्या माणसांना हाताशी धरून तयार केलं. यंत्र थांबवायचं प्रमाण निम्म्यावर आलं. आणि मग एके दिवशी सरांनी भर पाळीत छपाई यंत्राचं लाल बटण दाबलं.

सगळे धावत आले. औषध कंपनीची मोठी ऑर्डर चालू होती. सातशे खोकी निघाली होती, सहा हजार बाकी होती.

“निळा चुकलाय,” सर म्हणाले.

“अहो सर, निळा निळाच आहे!” छपाईवाला डोक्याला हात लावून म्हणाला.

“हा निळा त्यांच्या लहान मुलांच्या औषधाचा. आपण छापतोय ते मोठ्यांचं. त्यांचा नमुना काढा.”

नमुना काढला. सर बरोबर होते. रंगाच्या फरकावरूनच त्या कंपनीच्या गोदामात औषधं वेगळी ठेवत. चुकीची खोकी गेली असती तर सगळा माल परत आला असता आणि ऑर्डरही हातची गेली असती. मालकीणबाईंनी त्याच दिवशी सरांचा पगार वाढवला. सरांनी डबा उचलला, शेडभर चालत आले आणि मास्तरांच्या शेजारी बसले.

“दाजी, लोणचं आहे का तुमच्याकडे?”

झालं. भांडण मिटलं.

बाजार वळला तो कुणाला न विचारता. ज्या आठवड्यात वर्तमानपत्रं म्हणत होती की अजून वाईट दिवस यायचेत, त्याच आठवड्यात भाव वर सरकले. मास्तरांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की त्यांना वळण दिसलं नव्हतं. पुढच्या महिन्यात आणखी सरकले, मधे एकदा घसरले, पुन्हा चढले. कामाच्या गडबडीत दोघांनी तिकडे लक्ष दिलं नाही, जून-डिसेंबरचे रविवारही तसेच गेले, आणि तेच बरं झालं.

दुसऱ्या वर्षीच्या जूनचा पहिला रविवार आला. सर आपली फाइल घेऊन ताईकडे आले. जेवणाच्या टेबलावर दोन्ही फाइली उघडल्या, आणि चष्मा लावून ताईनंच वाचायला घेतलं. आधी नवऱ्याची. शंभराचे एकशे सतरा. मग भावाची. ती थांबली, बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“शंभराचे एकशे एकोणीस.”

“माझे जास्त?” सरांना खरं वाटेना.

“तुझा सगळाच पैसा शेअरांत होता,” मास्तर म्हणाले. “पडलास जास्त, चढलासही जास्त. आणि वर्षभर एकही युनिट विकलं नाहीस.”

सर उठून खिडकीशी गेले. परत येऊन म्हणाले, “त्या बुधवारी फॉर्मवर सही झाली होती, दाजी. फक्त तारीख घालायची राहिली होती.”

“माहीत आहे. मी बघितली होती.”

“आणि काही बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तू तारीखही घातली असतीस.”

ताई खळखळून हसली, आणि मग सरही. हसता हसता त्यांनी खिशातून बँकेचं पासबुक काढून टेबलावर आपटलं. पगारातून साठवलेला सहा महिन्यांचा घरखर्च त्यात होता. “अजून अडीच वर्षांचा बाकी आहे. तेवढा झाला की मग फंडाला परत हात. तोवर मी कारखाना सोडत नाही. ती पोरं निळ्याला जांभळा म्हणतात!”

सोमवारी मास्तर मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला.

“काका, पगार कमी पडतोय का? सांगा, वाढवते.”

“पगाराचं नाही गं. बारा जणं तयार झालीत. त्यातली ती उंच मुलगी माझ्यापेक्षा चांगली फोरमन होईल. तिला कर.”

“मग तुम्ही काय करणार?”

“माझा तीन वर्षांचा पगार बँकेत आगाऊ जमा आहे,” मास्तर म्हणाले. “आणि गेल्या खेपेला मला वयानं घरी पाठवलं होतं. या खेपेला मी आपला आपण चाललोय. फार बरं वाटतंय.”

तिनं हात जोडले, मग राहवलं नाही म्हणून उठून त्यांना मिठीच मारली.

दुपारची पाळी लागायच्या वेळी मास्तर फाटकाबाहेर पडले. ऊन छान होतं. समोरून सर गडबडीनं आत शिरत होते, कानावर पेन, हातात भिंग. “दाजी, रविवारी येतो!” ते ओरडले.

“ये, पण रिकाम्या हातानं येऊ नको!” मास्तर ओरडले, आणि बसची वाट न बघता रस्त्यानं चालायला लागले. घरी बायको दुसरी कुंडी रंगवायला घेऊन बसली होती, आणि तिला मदतीला माणूस हवा होता.