खिळ्यावरच्या रिंगा

वन्सं संध्याकाळच्या आगगाडीने येताहेत हे कळल्यावर सासूबाईंनी पाहुण्यांच्या खोलीची चादर बदलली नाही, की खिडक्या उघडल्या नाहीत. फोन ठेवला, पदर खोचला, थेट गॅरेजमध्ये गेल्या आणि थोरलीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाल्या, “ऊठ बाई. नणंद येतेय तुझी.”

थोरली म्हणजे घरातली जुनी मोटार. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्याच्या आधीच ती आली होती. म्हणून वन्संनी तेव्हाच नावं ठरवून टाकली: मोटार थोरली आणि वहिनी धाकटी. “दादा, धाकटीला पुढे बसव, पण थोरलीला विचारून हं,” असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या आणि सासूबाई लाजून लाल व्हायच्या. आता चिडवणारं कुणी उरलं नव्हतं. दादा, म्हणजे सासूबाईंचे यजमान, गेले. त्यानंतर वन्संचं येणं झालंच नाही. मधल्या काळात त्यांची नजरही गेली. उजेड आणि सावली, एवढंच काय ते कळतं म्हणत.

दर वर्षी दादाच त्यांना स्टेशनवर घ्यायला जायचे. मोटार वळणावर असतानाच वन्सं बॅग उचलायच्या. “आला दादा,” म्हणायच्या. शंभर मोटारींत त्यांना तो आवाज कळायचा.

आज फोनवर त्या म्हणाल्या होत्या, “स्टेशनवर कुणी येऊ नका, वहिनी. मी करीन टॅक्सी. थोरलीचा आवाज ऐकल्याशिवाय पोचल्यासारखं वाटायचं नाही, पण आता ते कुठलं!”

सासूबाई नुसत्या “बरं” म्हणाल्या होत्या. पण ते “बरं” त्यांना आतून टोचत होतं. त्यांनी दार उघडलं, सीटवर बसल्या आणि किल्ली फिरवली.

मुलगा अधूनमधून बॅटरी चार्ज करून ठेवायचा, त्यामुळे मोटार चालू झाली खरी. पण काय तो आवाज! डब्यात खिळे घालून कुणी गदागदा हलवावेत तशी खडखड. थोड्या वेळाने खडखड थांबली, पण इंजिन तापताच समोरचा ऑइलचा लाल दिवा मिचमिचायला लागला. सासूबाईंनी घाबरून किल्ली मागे फिरवली.

आवाजाने सून चहाचा कप घेऊनच धावत आली. ती दातांची डॉक्टर. आज तिचा दवाखाना बंद होता. तिने नवऱ्याला फोन लावला, काय झालं ते सांगितलं आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला. तो कामासाठी परगावी होता.

“आई, इंजिन गेलंय तिचं,” तो पलीकडून म्हणाला. “आत्याला टॅक्सीनेच आण.”

“तू मागच्या वर्षी ऑइल कुठे बदलून घेतलंस?”

“पेट्रोल पंपाशेजारी. का?”

“कुठलं घातलं?”

“आई, ऑइल ते ऑइल. त्यांनी घातलं ते घातलं.”

“बाबांपुढे असं म्हणाला असतास, तर कान धरला असता त्यांनी,” असं म्हणून सासूबाईंनी फोन सुनेकडे दिला. त्यांना एक गोष्ट पक्की आठवत होती. ही खडखड यजमानांच्या हयातीत एकदाही झाली नव्हती. झाली ती त्या पंपानंतर.

सून चहा संपवत म्हणाली, “पेशंट येतात आणि म्हणतात, डॉक्टर, दात काढूनच टाका. मी आधी विचारते, कधीपासून दुखतंय? तुम्हाला ते माहीत आहे, आई. मग काढून कशाला टाकायचा?”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या मुलीने आजवर गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, आणि आज ती ओढणी कमरेला गुंडाळत होती.

“आगगाडी सहाची आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“मग उठा!”

ऑइलचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. छतापर्यंत डबे, आणि त्यांच्यामध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेला दुकानदार. त्याने मान वर न करताच एक चकचकीत डबा पुढे सरकवला. “पाच-तीस. पूर्ण सिंथेटिक. सगळे हेच नेतात.”

“सगळ्यांचं नकोय हो,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या एकीपुरतं हवंय.”

त्यांनी मोटारीचं नाव आणि साल सांगितलं. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “अजून आहे? चालते?”

“सहाला स्टेशनवर जायचंय तिला.”

बस, तेवढं पुरलं. दुकानदार स्टुलावरून उठला आणि काउंटरवर कोपरं टेकून चौकशी करायला लागला. ऑइल कमी होतं का? धूर येतो का? खाली थेंब पडतात का? थंडीत पाणी गोठतं का तुमच्याकडे? सासूबाई पटापट उत्तरं देत होत्या. धूर नाही. थेंब नाही. पाणी गोठत नाही, स्वेटर मात्र लागतो. लाल दिवा इंजिन गरम झाल्यावर, मोटार उभी असताना मिचमिचतो.

“यजमान कुठलं घालायचे?”

इथे सासूबाई अडल्या. “हिरवा डबा असायचा. त्यावर पिवळा पट्टा.”

“हिरवा डबा बंद होऊन युगं लोटली, काकू. नंबर आठवतो?”

नंबर आठवेना. डब्याचा वास आठवत होता. रिकामा झाल्यावर तो यजमान तिरका टांगून ठेवायचे, शेवटचा थेंब निथळेपर्यंत, तेही आठवत होतं. नंबर तेवढा गेला होता.

“नंबर म्हणजे काय, ते तर सांगा,” सून पुढे झाली. “मग आपण ठरवू.”

“पहिला आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पटकन धावतं. दुसरा गरम झाल्यावरचा. तो जितका मोठा, तितकं ते तापल्यावरही दाट राहतं. नव्या इंजिनात फटी अगदी बारीक असतात, तिथे पातळच हवं. तुमची मोटार...”

“झिजलीय,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यासारखी.”

“आणि पंपावाल्यांनी घातलं असणार हे पाच-तीस. तापलं की पातळ होऊन निसटतं, ऑइलचा दाब उतरतो, दिवा लागतो.”

“मग सगळ्यात दाट आहे ते द्या!” सून उत्साहाने म्हणाली.

“अहो, सगळ्यात दाट घातलं तर सकाळी ते वर पोचेपर्यंत इंजिन कोरडंच घासेल. औषधाचा डोस वाढवला की पेशंट लवकर बरा होतो का?”

“नाही,” सून हसली. “हे मीच लोकांना सांगत असते.”

आकडे जुळवत जुळवत तिघं वीस-पन्नासवर आली. पाणी गोठण्याइतकी थंडी नाही, म्हणून वीस चालेल. इंजिन जुनं, म्हणून पन्नास. आणि साधं खनिज ऑइल. त्या काळच्या इंजिनाला त्याचीच सवय. दुकानदाराने डबा उघडून वास दिला आणि सासूबाईंचे डोळे एकदम चमकले. “हेच! अगदी हेच!”

मग फिल्टर. त्याने दोन ठेवले, बाहेरून जुळी भावंडं. “आटे दोन्हींचे सारखे. दोन्ही बसतील.”

“बसण्यावर काय आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आमचा आडवा बसतो. इंजिनाच्या कुशीत.”

दुकानदाराने काउंटरवर थाप मारली. “मग संपलं! बोट घाला, डॉक्टरीणबाई.”

सुनेने एका फिल्टरच्या कडेच्या भोकात करंगळी घातली. आत मऊ रबरी पडदा लागला. दाबला की हलायचा, सोडला की परत मिटायचा. दुसऱ्यात घातली, तर करंगळी आरपार गेली.

“इंजिन बंद झालं की ऑइल खाली पळू बघतं. हा पडदा त्याला आत धरून ठेवतो. पडदा नसला तर आडवा फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी...”

“खडखड!” सासू आणि सून एकदमच ओरडल्या. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

गॅरेजच्या जमिनीत यजमानांनी स्वतः एक लांबट खड्डा खणून घेतला होता. वर फळ्या टाकलेल्या. पूर्वी ते खाली उतरायचे आणि सासूबाई वर दिवा धरून बसायच्या. आज सासूबाईंचे गुडघे खड्ड्यात उतरणारे नव्हते. सून उतरली, नवऱ्याची जुनी पँट चढवून. नट सैल केला आणि पातळ काळं ऑइल धो धो ट्रेमध्ये पडलं.

“आई, फिल्टर हलत नाहीये.”

“हात पुसून, पट्ट्याचा पाना फिल्टरभोवती घाल आणि ओढ.”

“अक्कलदाढ बरी याच्यापुढे. ये बाळा, ये, दुखणार नाही... आला! आला!”

सुनेच्या कोपरापर्यंत ऑइल ओघळलं आणि ती खदाखदा हसत सुटली. सासूबाईंना यजमानांची आठवण आली. तेही असेच फिल्टरशी बोलायचे, फक्त शब्द इतके गोड नसायचे.

नव्या फिल्टरमध्ये सासूबाईंनी निम्मं ऑइल ओतलं. त्याच्या रबरी रिंगेवर ताज्या ऑइलचं बोट फिरवलं. हे त्यांचं काम, पहिल्यापासूनचं. “पाना माझा, बोट तुझं,” यजमान म्हणायचे. फिल्टर खाली गेला, हाताने आवळला गेला. ट्रेच्या वरचा नट घट्ट झाला. वरून वीस-पन्नास ओतलं गेलं, जाड, मधाच्या रंगाचं. मापाची पट्टी बुडवून पाहिली, बरोबर खुणेवर. घड्याळाचा काटा पुढे पळत होता, पण आता काय राहिलं होतं? सून वर आली, सीटवर बसली, किल्लीला हात घातला.

“लावू?”

“थांब, खिळा राहिला,” सासूबाई म्हणाल्या.

भिंतीवर एक मोठा खिळा होता. दर वेळी जुन्या फिल्टरची रबरी रिंग सोडवून सासूबाई त्या खिळ्यावर अडकवायच्या. खिळा भरला, तेव्हा यजमानांनी शेजारी दुसरा ठोकला. मुलगा पोटात होता तेव्हाची रिंग त्यावर होती, वन्संच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची होती, दोघं पहिल्यांदा समुद्र पाहायला गेली त्या वेळची होती. पंपावाल्यांची तेवढी नव्हती.

त्यांनी ट्रेमधला जुना फिल्टर उचलला, रिंग काढायला नख घातलं. नख नुसत्या पत्र्यावरून सरकलं. फिरवून पाहिलं. खोबण रिकामी.

“किल्ली सोड!” सासूबाई ओरडल्या. “हात वर घे!”

सुनेने दचकून दोन्ही हात वर केले, दरोडा पडल्यासारखे.

“अगं, जुनी रिंग फिल्टरबरोबर आलीच नाही. वरच, इंजिनाला चिकटून राहिलीय. आपण तिच्यावरच नवा फिल्टर बसवला. रिंगेवर रिंग. चालू केलं असतंस, तर सगळं ऑइल पिचकारीसारखं बाहेर!”

सुनेने कपाळावर हात मारला. ऑइलचा पंजा उमटला. “मुळाचा तुकडा आत! आई, दात काढला की मूळ अख्खं आलं का, ते मी आधी बघते. एवढ्या वर्षांत कधी विसरले नाही. आजच कशी...”

“फिल्टरला कुठे मुळं असतात? आणि बघायचं काम माझं होतं. चल, उतर.”

पुन्हा खड्डा, पुन्हा फिल्टर खाली. वर अंधार, दिवा धरूनही त्या कुशीतलं काही दिसेना.

“आई, माझी पर्स द्या.” पर्समधून तिने लांब दांड्याचा इवलासा आरसा काढला, तोंडात घालून दात बघायचा. तो इंजिनाच्या पोटात सरकवला. “आ करा, थोरलीबाई. दिसली! काळी, चपटी, चिकटून बसलीय.” नखाने उचलत उचलत तिने ती सोडवली. हात रिकामे हवेत म्हणून रिंग मनगटात घातली. बांगडीसारखी नेमकी बसली. फडक्याने फिल्टर बसायची जागा पुसली. सासूबाईंनी परत बोट फिरवलं. फिल्टर परत चढला.

आगगाडी यायला अगदी थोडा वेळ उरला होता. सुनेने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. दोघींनी श्वास रोखला. इंजिन गुरगुरलं, एकदा शिंकलं, आणि दिवा विझला. खडखड नाही, काही नाही. खालून, पोटातून येणारा तो भरदार, संथ घुमारा. सासूबाईंनी आयुष्यभर अंगणातून, माजघरातून, झोपेतून ऐकलेला. सुनेने खाली डोकावून पाहिलं. जमीन कोरडी होती. दिवा परत मिचमिचतो का, म्हणून इंजिन तापेपर्यंत वाट पाहिली. नाही मिचमिचला.

“आई! चालली! आई, चालली ही!”

“सरक,” सासूबाई म्हणाल्या. “मी चालवते.”

“तुम्ही? डोळे...”

“चष्म्याचा नंबर परवाच बदललाय. आणि लायसन्स चालू आहे. सरक म्हणते ना!”

कपाळावरचा ऑइलचा पंजा पुसायलासुद्धा सुनेला वेळ मिळाला नाही. सिग्नलवर थोरली उभी राहिली तेव्हा दोघींचे डोळे रस्त्यावर नव्हते, त्या दिव्याच्या काचेवर होते. काच काळीच राहिली. सून टाळ्या वाजवायला लागली आणि शेजारच्या स्कूटरवाल्याला काही कळेना.

स्टेशनसमोर माणसं पांगत होती. आगगाडी येऊन गेली होती. खांबाजवळ वन्सं उभ्या होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅग, आणि एक टॅक्सीवाला त्यांची बॅग घ्यायला हात पुढे करत होता. थोरली वळणावर आली. सासूबाईंनी मुद्दाम हॉर्न वाजवला नाही.

वन्संनी बॅग मागे ओढली. मान वर केली.

“नको रे बाबा टॅक्सी,” त्या म्हणाल्या. “आमची आली.”

मोटार थांबली. सून धावत उतरली आणि त्यांचा हात धरला. वन्संची बोटं नेहमीसारखी चौकस. ती सुनेच्या मनगटावर थांबली, रबर चाचपलं, मग बोट नाकाशी नेलं.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “ही खिळ्यावरची रिंग. ही या पोरीच्या हातात काय करतेय?”

“तिनेच काढलीय, वन्सं. घरी गेल्यावर तुम्ही लावा खिळ्यावर.”

“मी? मला दिसतं कुठे?”

“खिळा जिथे होता तिथेच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “बसा आधी. पुढे बसा.”

“थोरलीला विचारलंस का?” वन्सं म्हणाल्या, आणि सासूबाई या वयात परत लाजून लाल झाल्या.