काहीही न केलेलं शेत

म्हसावदच्या शिवारात यंदा सगळ्यात जास्त गाजलं ते मोतीलाल पाटलाचं शेत. त्याने त्यात काहीही केलं नव्हतं.

जूनमध्ये त्याच्या बायकोने, तापीबाईने, वाकून वाकून कापसाचं बी टोबलं आणि आषाढात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, चहा मागितला, चहा निवायच्या आत संपली. तेव्हापासून मोतीलाल ओट्यावरच्या खाटेवर बसला तो बसलाच. रडला नाही. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. शेतात चल म्हटलं की मात्र पाय खाली सोडायचा आणि चपलांकडे बघत राहायचा. त्या पायात घालायच्या असतात, हे बहुधा त्याच्या लक्षातून गेलं होतं.

लेक भूमिका शहाद्याहून, सासरहून, आली होती. दिवाळीपर्यंत राहते, असं सासूला सांगून. एकुलती एक. तिला एवढंच हवं होतं की आपण परत जायच्या आधी आबांनी एकदा तरी आपल्या पायाने शेतात जावं. नाहीतर बाप कोणाच्या भरवशावर टाकून जायचं?

मोतीलालचा धाकटा भाऊ हेमकांत. त्याचं कृषी सेवा केंद्र, आणि शेत मोतीलालच्या बांधाला लागून. तो दर आठवड्याला यायचा.

"दादा, तुन्हा वावरमानी अळी मन्हा वावरमा येई ऱ्हायनी. एक पंप मारू दे."

"मार."

"काका, मारायचा नाही," भूमिका आतून म्हणायची. "आबा स्वतः येतील, तेव्हा मारा."

"ते येईपर्यंत अळी म्हातारी व्हयी ना वं!"

अशा तऱ्हेने निंदणी झाली नाही, युरिया पडला नाही, औषध लागलं नाही. कमरेएवढं गवत वाढलं. आणि गवतात कापूस इतका उभारला, की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून बघायचे. शेताला दुखवटा पाळता येत नाही, ही शेताची जुनी खोड.

तिकडे योगेंद्रचा सेंद्रिय शेतीचा गट होता. पुण्याहून पाहुणे साहेब शिवारफेरीला येणार होते आणि गटाच्या सगळ्या शेतांवर पांढरी माशी बसली होती. माशीला गटाचं धोरण माहीत नव्हतं. योगेंद्र भूमिकेकडे आला.

"ताई, मोतीलालदादांचं वावर दाखवू. त्यांचा सत्कारही करू."

"भाऊ, त्यांनी तर काही केलंच नाही."

"तेच तर लोकांना जमत नाही!"

भूमिकेने विचार केला. सत्कार आहे म्हटल्यावर आबांना शेतात जावंच लागेल. ती हो म्हणाली. शिवारफेरीच्या दिवशी तिने आबांच्या पायात चपला घातल्या आणि योगेंद्रने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. हे काही आपल्या पायाने जाणं नव्हतं. भूमिकेने ते हिशेबात धरलं नाही.

बांधावर मांडव, शाल, नारळ. साहेबांनी वही उघडली.

"शेण-गोमूत्राचं जीवामृत किती वेळा देता?"

"नाही देत."

"निंदणी?"

"नाही."

"म्हणजे हे गवत मुद्दाम ठेवलंय?"

"ठेवलं नाही," मोतीलाल म्हणाला. "आहे."

साहेब हे वाक्य लिहून घेताना गहिवरले. "आणि या मार्गाला कसे वळलात?"

"बायको मरी गयी."

टाळ्या झाल्या. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, आणि पुढच्यांनी मागच्यांचं बघून वाजवल्या.

हेमकांतला राहवेना. तो उभा राहिला. "साहेब, हाई सेंद्रिय नही, हाई सुतक शे! आणि बियानं मन्हा दुकाननं शे. बीटी!"

बीटी सेंद्रियात चालत नाही; साहेबांचं पेन थांबलं. योगेंद्र उठला. "बियाणं तुमचं असेल हो भाऊ, वाढवलं मातीने."

"मग मातीले नारळ दे ना!"

"तुमच्या औषधाने बांधावरचे मुंगळेसुद्धा गेले."

"तुन्हं गोमूत्र मारीसन एक तरी अळी मेली का? पी पीसन धष्टपुष्ट व्हयी गयी!"

मांडवाचे सरळ दोन भाग पडले. मध्ये शाल पांघरून मोतीलाल बसला होता. दोन्ही बाजू त्याच्याकडे बोट दाखवून बोलत होत्या, आणि तो बोटांकडे बघत होता.

साहेब समजूतदार. "वाद कशाला? मूळच बघू," म्हणाले, आणि शेजारचं एक झाड, पंचवीस-तीस बोंडांचं, दोन्ही हातांनी धरून उपटलं. मुळातून एक गांडूळ खाली पडलं.

"गांडूळ!" योगेंद्र ओरडला.

"असले गांडूळ मन्हा उकिरड्यावरबी ऱ्हातस," हेमकांत म्हणाला.

मोतीलाल उठला. साहेबांच्या हातातून त्याने झाड घेतलं.

"तिन्हा हातनं टोबेल शे हाई," तो म्हणाला.

तो खाली बसला, बोटांनी माती उकरली, झाड खड्ड्यात उभं केलं, भोवती माती दाबली. पाणी मागितलं. साहेबांनी आपली बाटली दिली. बोंडावर आलेलं कापसाचं झाड पुन्हा धरत नाही, हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मोतीलालचा तर जन्म कापसात गेला होता.

दुसऱ्या दिवशी भूमिका चहा घेऊन ओट्यावर आली तर खाट रिकामी. आबा कळशी घेऊन शेतात गेले होते. चालत. तिसऱ्या दिवशीही गेले. हेमकांतने विरघळणाऱ्या खताची पुडी दिली, मोतीलालने घातली. योगेंद्रने जीवामृताचं कॅन दिलं; तेही ओतलं. झाडाने मान टाकली, मग पानं, मग सगळंच. हेमकांत म्हणाला, जीवामृताने कुजलं. योगेंद्र म्हणाला, खताने जळलं. स्टँडवर यावर अजून चर्चा चालू आहे आणि दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत.

मोतीलालला कोणी विचारलं नाही. तो वाळलेल्या झाडाशी बराच वेळ उभा राहिला. आजूबाजूच्या झाडांची बोंडं फुटून कापूस लोंबत होता, वाऱ्याने मातीत गळत होता. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला आणि एका बोंडातला कापूस काढला. मग शेजारच्या. पिशवी आणली नव्हती, म्हणून सदऱ्याच्या ओच्यात भरत गेला. चेहऱ्यावर काही नव्हतं. बोटं तेवढी चालत होती.

भूमिका भाकरी घेऊन आली आणि बांधावरच थांबली.

"तू कधी जाई ऱ्हायनी?" त्याने न बघता विचारलं.

"तुम्ही सांगाल तेव्हा, आबा."

"जाय. पन आधी वेचाले बाया सांग. दोन." तो गवताच्या पलीकडे शेताच्या टोकापर्यंत बघत राहिला. "चार सांग."

"आणि काका पंप मारू का म्हणताहेत. योगेंद्रभाऊ म्हणतात..."

"आते काय," मोतीलाल म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे सरकला. "बोंडं फुटी गयात."