तक्त्यातला शेवटचा रकाना

कुठल्या देशात घरचा डॉक्टर किती वर्षांत तयार होतो, याचा तक्ता सरकारच्या वैद्यकीय शिक्षण समितीला दुपारी बारापर्यंत हवा होता. साडेदहा वाजले होते आणि दवाखान्याबाहेर अठरा पेशंट होते. डॉक्टर सकाळपासून खुर्चीत नुसते चुळबुळत होते.

एका देशात पदवीनंतर तीन वर्षं, दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात तर शिकाऊ डॉक्टर पेशंट तपासताना त्याचं चित्रीकरण करतात आणि मग वरिष्ठ ते दाखवून त्याची पिसं काढतात. शेवटचा रकाना आपल्या देशाचा. तिथे डॉक्टरांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. ते स्वतः पदवी मिळाली त्याच आठवड्यात या खुर्चीत बसले होते. पुढचं सगळं सिस्टरांनी शिकवलं होतं, पण हे समितीला कसं कळवणार?

"आपणही एक चित्रीकरण करून बघू," म्हणत त्यांनी मोबाईल औषधाच्या खोक्याला टेकवला.

"मग ताठ बसा. पोट दिसतंय," सिस्टर म्हणाल्या.

पहिले आले शिंपीकाका. चित्रीकरण केलं तर चालेल का विचारलं, तर म्हणाले, "काढा की. लग्नानंतर माझ्याकडे कॅमेरा कुणी वळवलाच नाही."

गुडघा दुखत होता. गोळ्या त्याच चालू ठेवायच्या होत्या. काका गेले.

आणखी तीन पेशंट उरकून डॉक्टरांनी चित्रीकरण लावलं. अकराव्या सेकंदाला त्यांनी काकांचं बोलणं तोडलं होतं. डोळे तक्त्यावर. शेवटी काका दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणत होते, "जिना चढताना हल्ली मध्येच थांबावं लागतं. छातीत आवळल्यासारखं होतं. असेल वयामुळे." पडद्यावरचे डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "पुढचा."

"सिस्टर, काका कुठे राहतात?"

"मागच्या गल्लीत. तिसऱ्या मजल्यावर."

डॉक्टर पेशंटांच्या रांगेतून तसेच धावले. काका दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते, घामाने डबडबलेले, गुडघ्याच्या गोळ्यांची पुडी हातात घट्ट.

"जरा दम खातोय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी फोनवर रुग्णवाहिका बोलावली, तोवर सिस्टर ॲस्पिरिनची चघळायची गोळी घेऊन वर आल्या. काकांना खाली उतरवताना डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजायला लागला. समिती होती. त्यांनी तो वाजू दिला.

रुग्णवाहिकेत काकांनी डोळे उघडले. "चित्र बरं आलं का हो?"

"तुमचं बरं आलंय," डॉक्टर म्हणाले. "बोला. छातीत कधीपासून होतंय?"

काका सावकाश सांगत राहिले. डॉक्टरांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.