आबांचं व्हय

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. निळ्या पेनानं, इंग्रजीत, शिक्क्यासकट. मी ते दोघांकडून वाचून घेतलं, कारण पहिल्यानं वाचलं त्यावर माझा विश्वास बसला नाही. 'बोलणे : ठीक. रोजची कामे : स्वतः करतात. अपंगत्व : चौतीस टक्के.' एवढं लिहायला तुम्हाला चार मिनिटं लागली. तुमच्या डोक्यावरच्या घड्याळात मी बघत होते. त्या चार मिनिटांत तुम्ही माझ्या बापाकडं दोनदा बघितलंत. एकदा ते आत आले तेव्हा, आणि एकदा बाहेर जाताना.

तुमच्याकडं रोज शंभर माणसं येतात, तेव्हा ओळख सांगते. गणपतराव, वय त्रेपन्न. दूध संघाच्या गाडीवर बावीस वर्षं ड्रायव्हर, गगनबावड्याची लाईन, सकाळची पाळी. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी साळवणजवळ स्टेअरिंगवरचा उजवा हात आपोआप खाली पडला. त्यांनी डाव्या हातानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच सीटवर आडवे झाले. दूध एक थेंब सांडलं नाही, असं संघातले लोक अजून सांगतात. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं.

एक शब्द तेवढा राहिला. व्हय.

भूक लागली तरी व्हय, पोट दुखलं तरी व्हय. "चहात मीठ घालू का?" विचारलं, तरी व्हय. आई चिडायची. "बावीस वर्सं माझं एक ऐकलं न्हाय ह्या माणसानं," ती म्हणायची, "आणि आता सगळ्याला व्हय म्हणतोय. आता काय करू मी तुमच्या व्हयचं?" यावर आबा हसायचे, अर्ध्या तोंडानं.

फिजिओथेरपीच्या भैरवी मॅडम आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. व्यायाम त्यांनीच शिकवला आणि ही गोष्टही त्यांनीच समजावली. "काकूंनी काय विचारलं ते त्यांना कळतं. उत्तर काय द्यायचं तेही कळतं. पण तोंडातून येतं ते एवढंच. त्यांच्या 'हो'वर कधी जाऊ नका, डोळ्यांकडं बघा." हे मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं, साहेब. तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर होता. फाईल तुमच्या टेबलावर होती. तुमचा चहाचा कप तिच्यावर होता.

एकदा मॅडम म्हणाल्या, आकडे म्हणून बघू. एक, दोन. आबा गप्प. वारांची नावं घेतली. गप्प. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "आबा, फुलेवाडी."

आणि ते सुटले. "फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, असळज, गगनबावडा." एका दमात, गाडी उतरणीला लागावी तसे. आई पदर तोंडाला लावून परसात गेली आणि उगाच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. मॅडम मात्र फार खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बोलणं नाही, क्रांती. ही पाठ झालेली वाट आहे. मधलं एक नाव वेगळं काढून मागितलं, तर येणार नाही." खरंच आलं नाही. नुसतं कळे म्हणायचं असलं तरी आबांना फुलेवाडीपासून निघावं लागायचं.

अकरा महिने आम्ही त्यांना चालवलं. दारापासून नळापर्यंत चौदा पावलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत. पाय फरपटला की आई ओरडायची, "उचला! उचला की वो!" शेजारची तानाबाई खिडकीतून मोजायची.

मग संघाच्या ऑफिसातले विजयसिंहदादा आले. माणूस वाईट नाही. "काकी, गाडी आता जमत न्हाय हे तुमास्नी बी दिसतंय. चाळीस टक्क्याचा दाखला आणा, काकास्नी गेटवर बसवतो. गाड्यांच्या फाटकाशी बसायचं, एवढंच. चाळीसच्या खाली आलं तर माझ्या हातात काय न्हाय. राजीनामा घ्यायला लागंल."

आबांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून ते कुणी न सांगता नळापर्यंत जायला लागले. गेट, गाड्या, गाड्यांवरची माणसं. बास, एवढंच पाहिजे होतं त्यांना.

आता आमची चूक सांगते, म्हणजे तुम्ही म्हणायला नको की सांगितली नाही.

तपासणीच्या दिवशी आम्ही आबांना नवरदेवासारखं नटवलं. पांढऱ्या शर्टाला मी इस्त्री केली. बटणं मी लावली. दाढी आईनं केली. पायातला तो प्लास्टिकचा पट्टा, ज्याच्यावर पाऊल उभं राहतं, तो आईनं काढून पिशवीत टाकला. "मोठ्या डाक्टरापुढं जायाचं, आणि ते खोगीर कशाला? अकरा म्हैने मेहनत घेतली ती बघू द्या की त्यास्नी." आईचा हिशोब साधा होता. मास्तरापुढं पोरगं उभं करायचं तर धुऊन-पुसून करायचं.

रांगेत आमच्या पुढं मलकापूरकडचे एक गृहस्थ होते, पुतण्याच्या पाठीवर. त्यांनी आबांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, चालत आत जाणार?"

"व्हय," आबा म्हणाले.

"मग गेलं तुमचं. माझं ऐका, दारातच बसा खाली. दोघांनी उचलून न्यायला पायजे. आत सोंग करायला लागतंय."

आई फणकारली. "आमच्या माणसाला खरंच झालंय. सोंग कशाला करंल त्यो?"

"वैनी, खरं झालंय म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले. "खऱ्याचं दिसत न्हाय हो लवकर."

त्यांना तासाभरानं मी वडापावच्या गाडीवर पाहिलं, आपल्या पायांवर उभे. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना तुम्ही नीट कळला होतात, एवढंच.

आबा दारापासून तुमच्या खुर्चीपर्यंत नऊ पावलं चालले. एकही फरपटलं नाही. मानेवरून घाम शर्टात उतरत होता. त्यांनी आयुष्यात कुणाला एवढं चालून दाखवलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चालता येतंय की." कागदावर खूण केलीत.

"जेवता स्वतः?"

"व्हय."

"कपडे, बटणं?"

"व्हय."

"साहेब," आई म्हणाली, "त्यास्नी सगळ्यालाच व्हय म्हणायची—"

"बाई, पेशंटला बोलू द्या."

"व्हय," आबा म्हणाले. तुमच्या शेजारची सिस्टर हसली.

"काम काय करत होता?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. ते डोळे मला ओळखीचे होते. शब्द शोधताना ते असंच बघतात. आणि मी, साहेब, मी मूर्ख, त्यांना मदत करायला म्हणाले, "आबा, फुलेवाडी."

"फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, असळज, गगनबावडा."

"छान बोलतात की," तुम्ही म्हणालात, आणि लिहिलंत. बोलणे : ठीक.

मी फाईलकडं बोट दाखवलं, ते पत्र वाचा म्हणाले. तुम्ही कप उचललात, चहा प्यालात आणि परत फाईलवरच ठेवलात. "पुढचा."

गंमत अशी की तुमच्याच इमारतीत, दोन दारं सोडून, महिन्यापूर्वी आम्हाला दुसरा कागद मिळालाय. त्यावर लिहिलंय, 'कामास कायमचे अयोग्य.' शिक्का तोच, गोल. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी तुमच्या खिडकीवरच्या कारकुनाला दाखवले. तो म्हणाला, "ताई, दोन्ही बरोबर हाईत. टेबलं वेगळी हाईत." आबा माझ्या शेजारी उभे होते, भिंतीला धरून. पट्टा पिशवीतच होता. घरी आल्यावर पावलाला हा एवढा फोड. आईनं तो पट्टा पुन्हा बांधला.

काल विजयसिंहदादा पुन्हा आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहाला नको म्हणाले, खिशातून कागद काढला. त्यांनाही ते जड जात होतं, दिसत होतं.

"काका, वाचून दाखवतो. मी गणपतराव, प्रकृतीच्या कारणानं, स्वखुशीनं राजीनामा देत हाय." त्यांनी मान वर केली. "विचारायचा नियम हाय म्हणून विचारतो. स्वखुशीनं देताय न्हवं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मी आबांच्या डोळ्यांकडं बघत होते. ते दादांच्या हातातल्या पेनाकडं बघत होते आणि डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरून मांडीवर दाबत होते. ओठ हलत होते. काहीतरी दुसरं बाहेर काढायचा प्रयत्न चालला होता. कपाळाची शीर वर आली.

"व्हय," आबा म्हणाले.

आणि रडले.

दादांनी पेन खिशात ठेवलं. कागद मी घेतला. मी म्हणाले, सोमवारी देते. तो आता फ्रीजवर आहे, तुमच्या चौतीस टक्क्यांच्या खाली.

आज पहाटे साडेपाचला संघाची गाडी गल्लीच्या तोंडाशी नेहमीसारखी हॉर्न वाजवून गेली. नवा ड्रायव्हर आबांच्या हाताखाली शिकलाय, तो रोज वाजवतो. आबा पायरीवर बसले होते, पट्टा बांधून. डावा हात वर केला. गाडी गेल्यावर बराच वेळ तो खाली घ्यायचा विसरले.

सोमवारी दहा वाजता मी त्यांना घेऊन तुमच्या दारात येतेय, साहेब. इस्त्री नाही, दाढी नाही, सोंगही नाही. वेगळं काही मागत नाही. माझ्या बापाला तुम्ही असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर 'न्हाय' आहे. त्यांच्या डोळ्यांकडं बघत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मग सांगा, किती टक्के?