राहिलेलं काम

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. मास्तरांनी देशोदेशीच्या माणसांना जुनं बंदर पायी फिरवून दाखवलं, आणि त्यांच्या बायकोने त्यातला एक दगडसुद्धा पाहिला नव्हता. फेऱ्या सकाळच्या, आणि सकाळी ती रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी मशीनमध्ये कोंबत असे. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तंगडतोड कोण करणार? "बंदर कुठे पळून जातंय," असं ती म्हणायची. बंदर खरोखरच कुठे गेलं नाही. पळून जायला निघाले ते मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बंदरावरचे गाईड. छत्री उंच धरायची, लोकांकडे तोंड करायचं आणि मागे न बघता उलटं चालत बोलायचं, अशी त्यांची रीत. पाठीला डोळे असल्यासारखे ते खांब न् खड्डे चुकवत, आणि लोक वर्गात बसल्यासारखे गप्प होत. म्हणून मास्तर. त्या हिशेबाने बायको मास्तरीण, जिने नवऱ्याखेरीज जन्मात कुणाला धडा शिकवला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, पाय सावरले, उजवा हात जरा हट्टी झाला. शब्द मात्र ऐन वेळी दगा द्यायला लागले. मीठ हवं असलं की साबण मागत. ज्या माणसाने बोलून घर चालवलं, त्याची ही गत. मास्तरीण डॉक्टरांपुढे रडली नाही. धुलाईघरात मशीनच्या धडधडाटात पोटभर रडून घेतलं आणि डोळे पुसायला तिथे टॉवेलांची काय वानवा.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली, की शब्द जागांना टांगून ठेवा. झालं, मास्तरणीने अख्खं बंदर दोन खोल्यांत आणून बसवलं. पुढचं दार म्हणजे जकातघर. कपडे वाळत घालायचा बोळ म्हणजे जहाजांचे दोर वळायचा दोरखाना. फ्रिज ही बर्फाची वखार. न्हाणीघर म्हणजे जहाजं दुरुस्त करायची गोदी, आणि तिथला नळ गळका असल्यामुळे "गोदीत पाणी शिरलंय" हा विनोद रोजचाच. प्लंबरला बोलवू म्हटलं की मास्तर तो हट्टी हात वर करत. "तो मी करणार." रोज संध्याकाळी छत्रीऐवजी पळी उंच धरून ते फेरी काढत, आणि ती एकटी पर्यटक त्यांच्या मागून चाले. शब्द अडला की ती त्या जागेबद्दल काहीतरी विचारी आणि गाडी पुढे सरके. शेवटचा थांबा निरोपाच्या पायऱ्यांचा, म्हणजे पलंगाची कड. तिथवर पोचेपर्यंत मास्तर इतके दमत की बसायचे ते आडवेच व्हायचे. "उरलेलं उद्या." असे किती उद्या आले आणि गेले, पायऱ्यांची गोष्ट काही तिच्या कानावर पडली नाही.

मग तो दिवस आला. फेऱ्यांच्या ऑफिसातल्या मॅडम स्वतः बरोबर चालून बघणार होत्या. जमलं तर काम परत, नाहीतर आराम. आराम हा शब्द मास्तरांना शिवीसारखा लागायचा. मास्तरणीने धुलाईघरात रजा टाकली आणि परक्या बाईसारखी पर्यटकांत जाऊन उभी राहिली. ओळख दाखवायची नाही, असं ठरलं होतं.

जकातघरापाशी पोचताच तिचा हात आपोआप चपलेकडे गेला. घरी तिथेच चपला काढायची सवय. शेजारच्या बाई बघायला लागल्या, तेव्हा हिने उगाच टाच खाजवली. पण मनातून ती थक्क झाली होती. एवढं उंच दार, एवढ्या जाड बिजागऱ्या, आणि आपण हे सगळं पायपुसण्याएवढ्या जागेत मावेल असं धरून चाललो होतो. दोरखाना तर संपता संपेना. तिथे मास्तर पहिल्यांदा अडखळले. तिने मागून विचारलं, "हे इतकं लांबलचक कशाला बांधलं?" मास्तरांचा चेहरा खुलला. दोर जेवढा लांब हवा तेवढी वळायला जागा लागते, हे त्यांनी असं सांगितलं, जणू प्रश्नाची वाटच बघत होते.

पुढच्या दगडी इमारतीसमोर छत्री रोखून ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "आणि हा आमचा फ्रिज."

मास्तरणीला वाटलं, संपलं. पण लोक हसले. मास्तर क्षणभर गोंधळले, मग सावरून म्हणाले, "त्या काळचा. बर्फाची वखार ही." लोक आणखी हसले, मॅडमसुद्धा. देव तारी त्याला कोण मारी, असं ती मनात म्हणाली.

शेवटी पायऱ्या आल्या. रुंद, मधोमध झिजलेल्या, खालच्या शेवाळाने हिरव्या, आणि त्यांच्याखाली सरळ समुद्र. मास्तर वरच्या पायरीवर उभे राहिले, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. काही येईना. छत्री हळूहळू खाली आली. मॅडम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागल्या. मास्तरांनी मास्तरणीकडे पाहिलं, आणि तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. पलंग, उशी, उरलेलं उद्या, एवढंच तिला ठाऊक. मग जे खरंच जाणून घ्यावंसं वाटत होतं, तेच तिने विचारलं.

"अहो, इथून गेलेली माणसं परत यायची का?"

मास्तरांनी छत्री सावरली.

"यायची," ते म्हणाले. "सगळी नाही." आणि मग शब्द एकामागून एक येऊ लागले, हळू, पण आपापल्या पायांनी. "पोचवायला आलेलं माणूस इथे निरोप देत नसे. निरोप दिला की माणूस गेला, अशी समजूत. त्याऐवजी घरातलं एखादं राहिलेलं काम सांगायचं. छप्पर गळतंय. पाळण्याचा पाय मोडलाय. काम अंगावर असलेला माणूस वाटेत बुडत नाही, म्हणायचे."

ते थांबले. तिला वाटलं, पुन्हा अडलं. पण नव्हतं अडलं.

"मी दवाखान्यात होतो. बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. येईल तो धीर धरा म्हणून जायचा. एक माणूस आलं आणि म्हणालं, न्हाणीघरातला नळ गळतोय, तुमच्याशिवाय तो कोण करणार." मास्तरांनी छत्री बगलेत मारली. "मी पडल्या पडल्या मनात म्हटलं, हिला पायऱ्या ठाऊक आहेत तर. त्या नळासाठी मी परत आलो. तिचे आभार मानायचे राहिलेत."

तिला कसल्या पायऱ्या आणि कसलं काय. त्या दिवशी नळ गळत होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून ती बोलून गेली होती. वर जराशी चिडूनच. आता ह्या दगडांवर उभं राहून गळक्या छपराच्या तक्रारी सांगणाऱ्या त्या सगळ्या अनोळखी बायकांचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. त्यांचंच वाक्य नकळत तिच्या तोंडी आलं होतं आणि तिचा माणूस तिला परत मिळाला होता. तिने पदराने डोळे पुसले, आणि शेजारच्या बाईंनीही काही न विचारता आपले पुसले.

लोक पांगल्यावर मॅडम जवळ आल्या. "सोमवारपासून सकाळची फेरी तुमची, मास्तर. उलटं चालणं मात्र बंद."

"मग लोकांची तोंडं कशी दिसणार?"

"थांबून मागे वळा की." मग त्या मास्तरणीकडे वळल्या. "आणि काकू, जकातघरापाशी चपला काढत नाहीत हं."

रविवारी मास्तर पाना घेऊन न्हाणीघरात बसले ते दुपार होईपर्यंत. हात हट्टी, नळ त्याहून हट्टी. तीन वेळा पाना पायावर पडला, एकदा कारंजं उडालं, पण शेवटी नळ बंद झाला. रात्रंदिवस चाललेली टपटप थांबली आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. मास्तरणीला काही ते बरं वाटेना.

सोमवारी सकाळी मास्तर छत्री घेऊन दारात उभे राहिले. "निघतो."

"अहो," ती म्हणाली, "कपाटाचं दार नीट लागत नाहीये."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आल्यावर बघतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

कपाटाचं दार चांगलं घट्ट लागत होतं. धुलाईघराला उशीर होत होता, तरी मास्तरणीने आधी पेचकस शोधला आणि बिजागरीचा एक स्क्रू सैल करून ठेवला.